पहिल्या टॉर्चसाठी धातू निवडताना: अ‍ॅल्युमिनिअम, पितळ, तांबे की टायटॅनियम

घरच्या छोट्या लेथवर (धातू फिरवत ठेवून कापण्याच्या यंत्रावर) स्वतःची खिशात मावणारी टॉर्च घडवायची असे एकदा ठरले, की पहिला प्रश्न धातूचा येतो आणि बहुतेक जण तो रंगरूपावर सोडवून मोकळे होतात. मीही तेच केले होते. वास्तविक टॉर्चमध्ये कोणता सेल बसवायचा आणि आपला लेथ कितपत काम पेलतो, या दोन गोष्टी ठरल्याशिवाय धातूची निवड करण्यात फारसा अर्थ नसतो.

सेलपासून सुरुवात करू. 18650 हा लिथियम सेल 18 मि.मी. व्यासाचा आणि 65 मि.मी. लांबीचा असतो, संरक्षक सर्किट असलेला असेल तर लांबी 70 मि.मी.पर्यंत जाते. त्याच्यासाठी 19 मि.मी. बोअर (आतल्या भोकाचा व्यास), 25 मि.मी. बाहेरचा व्यास आणि 110 मि.मी. लांबी धरली, तर बॉडीत जवळजवळ 23 घन सेंटिमीटर धातू उरतो. डोक्याकडचा भाग थोडा वेगळा असतो, परंतु अंदाजाला हा हिशेब पुरेसा आहे. ही बॉडी अ‍ॅल्युमिनिअममध्ये 60 ग्रॅमच्या आसपास, टायटॅनियममध्ये 100, पितळेत 195 आणि तांब्यात 200 ग्रॅमच्या थोडी पुढे भरते. सेलचे पन्नासेक ग्रॅम मिळवले, की पितळेची टॉर्च पाव किलोची होते, आणि ती शर्टाच्या खिशात ठेवून पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याने चालून पाहिल्यास ‘खिशात मावणारी’ या शब्दांचा अर्थ नव्याने कळतो.

हीच टॉर्च 14500 सेलसाठी केली तर चित्र पालटते. हा सेल नेहमीच्या पेन्सिल सेलच्या मापाचा, म्हणजे 14 मि.मी. व्यासाचा आणि 50 मि.मी. लांबीचा असतो. 20 मि.मी. बाहेरचा व्यास, 15 मि.मी. बोअर आणि 85 मि.मी. लांबी धरल्यास पितळेची बॉडी 100 ग्रॅमच्या आत राहते, तर अ‍ॅल्युमिनिअमची जेमतेम 30 ग्रॅमची होते. ऊर्जेत मात्र मोठी तफावत आहे: चांगल्या 18650 सेलमध्ये 12 वॅट-तासांच्या आसपास ऊर्जा मावते, तर 14500मध्ये सुमारे 3. रात्री सिंहगड चढायचा असेल तर ही तफावत जाणवते. जिन्यातली वीज गेल्यावर कुलूप शोधायचे असेल तर जाणवत नाही. (सेलवर 9900 मिलिअँपिअर-तास असे छापलेले दिसले, तर तो सेल घेऊ नये. चांगल्या 18650 सेलची क्षमता साधारण 3500च्या आसपास असते.)

आता लेथ. हौशी मंडळींकडे बहुधा चाळीसेक किलो वजनाचा, 180 मि.मी. स्विंगचा (म्हणजे एवढ्या व्यासापर्यंतचे काम फिरवू शकणारा) मिनी लेथ असतो आणि त्याच्या स्पिंडलचे (फिरत्या पोकळ दांड्याचे) आरपार भोक सुमारे 20 मि.मी. असते. याचा अर्थ 25 मि.मी.चा रॉड स्पिंडलमधून मागे जात नाही. तो हवा तेवढा कापून, चकच्या (रॉड पकडणाऱ्या जबड्यांच्या) बाहेर लांब काढून धरावा लागतो आणि त्याच्या मोकळ्या टोकाला आधार द्यावा लागतो. बोअरिंगचीही अडचण येते. पोलादी बोअरिंग बार (भोक आतून मोठे करणारा दांडा) आपल्या व्यासाच्या चौपटीहून अधिक बाहेर काढला की थरथरू लागतो, त्यामुळे 12 मि.मी.चा बार 48 मि.मी. खोलीपर्यंतच भरवशाचा ठरतो आणि 18650ची नळी दोन्ही बाजूंनी बोअर करण्याची वेळ येते. 14500च्या बाबतीत ड्रिल आणि रीमर (भोक नेमक्या मापाचे करणारे हत्यार) यांवरच काम भागते.

या पार्श्वभूमीवर अ‍ॅल्युमिनिअम आणि पितळ शेजारी ठेवून पाहू, कारण पहिल्या टॉर्चसाठी खरी निवड या दोघांतच आहे. 6061 किंवा 6082 या मिश्रधातूंचे अ‍ॅल्युमिनिअम हलके असते, उष्णता चांगली वाहून नेते आणि लहान लेथवरही भरभर कापले जाते. मात्र टूलला थोडेसे रॉकेल लावले नाही तर ते टूलच्या धारेला चिकटते आणि मग पृष्ठभाग ओरबाडल्यासारखा दिसतो. त्याचा मोठा उणेपणा काम संपल्यावर उघड होतो. उघडे अ‍ॅल्युमिनिअम हाताला काळा डाग देते आणि त्याचे आटे कोरडे फिरवले तर धरून बसतात, म्हणून अ‍ॅनोडायझिंग (विजेच्या साहाय्याने पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढवणे) करणे भाग पडते. हा थर निम्मा धातूच्या आत आणि निम्मा बाहेर वाढतो. 50 मायक्रॉनचा कठीण थर दिला, की प्रत्येक पृष्ठभाग 25 मायक्रॉनने फुगतो, आणि 60 अंशांच्या आट्यांवर त्याचा परिणाम चौपट होऊन पिच व्यास (आट्यांच्या मध्यावर मोजलेला व्यास) 0.1 मि.मी.ने बदलतो. नर आणि मादी दोन्ही आट्यांना थर दिला असेल तर हे 0.2 मि.मी. होतात. माझ्या पहिल्या टॉर्चचे इतके सुबक बसलेले आटे अ‍ॅनोडायझिंगहून परत आल्यावर एकमेकांत शिरेनात. चूक सर्वस्वी माझी होती, कारण मी त्यासाठी जागाच सोडली नव्हती. शिवाय हा थर वीजरोधक असल्यामुळे जिथून प्रवाह जायचा ती नळीची कड उघडी ठेवावी लागते. याच गुणाचा एक फायदाही आहे: आट्यांवर थर असेल तर टोपी पाव फेरा सैल केली की टॉर्च पिशवीत चुकून पेटत नाही.

पितळेला यातले काहीच करावे लागत नाही. आयएस 319 प्रकारच्या फ्री-कटिंग पितळेत थोडे शिसे मिसळलेले असते, त्यामुळे त्याचा कीस बारीक तुकड्यांत सुटतो आणि आटे पहिल्याच प्रयत्नात आरशासारखे येतात. दोन पथ्ये मात्र पाळावीत: ड्रिलची धार किंचित बोथट करून घ्यावी, नाहीतर ते धातूत स्वतःहून घुसते, आणि काम झाल्यावर, शिशामुळे, हात धुतल्याशिवाय खाऊ नये. रॉड किलोवर मिळतो आणि वरच्या मापाच्या 18650 टॉर्चसाठी घेतलेल्या साडेचारशे ग्रॅम पितळेपैकी निम्म्याहून अधिक धातूचा कीस होतो, हे खर्च काढताना विसरू नये. भंगारवाला त्याचे काही पैसे परत देतो, एवढाच दिलासा.

तांब्याबद्दल एक गैरसमज आहे. तांबे पितळेच्या तिपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणून तांब्याची टॉर्च थंड राहते असे मानले जाते. एलईडीला 3 अँपिअर दिल्यास साधारण 9 वॅट खर्च होतात आणि त्यातला मोठा भाग उष्णतेत जातो. ती उष्णता शेवटी हवेला आणि आपल्या हाताला द्यायची असते, आणि तेवढ्यासाठी उपलब्ध असलेला बाहेरचा पृष्ठभाग, सुमारे 95 चौरस सेंटिमीटर, सर्व धातूंत सारखाच असतो. जास्त वस्तुमानामुळे तांब्याची टॉर्च तापायला थोडा अधिक वेळ घेते, एवढाच फरक. एलईडी तांब्याच्या पट्टीवर बसवलेला असणे आणि ती पट्टी डोक्यातील धातूच्या पडद्याला नीट टेकलेली असणे, हे बॉडीच्या धातूपेक्षा अधिक मोलाचे आहे. कसबा पेठेतील तांबट आळीत ज्या मऊपणामुळे तांबे मठारकामाला (हातोडीने ठोकून घडवण्याला) इतके वश होते, तोच मऊपणा लेथवर अंगाशी येतो: कीस तुटत नाही, कडांवर बर (धातूची टोकदार कंगोरी) राहते आणि आटे फाटतात. हौसच असेल तर टेल्युरियम तांबे शोधावे. ते बरेच सरळ कापले जाते.

टायटॅनियम दिसते देखणे, पण ग्रेड 5ची उष्णतावाहकता अ‍ॅल्युमिनिअमच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी असते. टूलच्या टोकाशी साचलेली उष्णता धार खाते, आटे एकमेकांना धरतात आणि बारीक कीस पेट घेऊ शकतो. त्यावर पाणी टाकणे धोक्याचे असते, म्हणून कोरडी वाळू जवळ ठेवावी लागते. टायटॅनियमच हवे असेल, तर रेखाटन करून एखाद्या जॉबवर्क करणाऱ्याकडे द्यावे. एका नगासाठी सेटिंगचा खर्च अंगावर येतो, तरी मिनी लेथवर तीन टूल गमावण्यापेक्षा तो परवडतो.

तेव्हा माझे मत असे: लेथ शिकण्यासाठी टॉर्च करायची असेल तर 14500 सेल आणि पितळ घ्यावे, रोज वापरण्यासाठी आणि गडवाटांसाठी करायची असेल तर 18650 आणि अ‍ॅल्युमिनिअम घ्यावे, मात्र दुसऱ्या खेपेला, आट्यांत पुरेशी जागा सोडायची सवय लागल्यावर. ड्रायव्हर (एलईडीचा प्रवाह नियंत्रित करणारे सर्किट), एलईडी आणि स्विचसाठी बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत चक्कर मारावी, आणि डोक्याचे माप हे भाग हातात आल्यावरच ठरवावे. अ‍ॅनोडायझिंगसाठी भोसरीला जायचे असेल तर गुरुवार टाळावा. त्या दिवशी तिथल्या बहुतेक कारखान्यांना सुट्टी असते.