मागचा एसी, पंधरा महिने: बिघाड अर्थिंगच्या बोल्टात, कोटेशन अख्ख्या असेंब्लीचं

सात सीटर गाडी, मागच्या एसीला वेगळा ब्लोअर (हवा फेकणारा पंखा), चार स्पीड. गारव्याबद्दल तक्रार नाही. मे महिन्यात मिरज-पंढरपूर रस्त्यावर भर दुपारीसुद्धा तिसरी रांग व्यवस्थित गार होते. तक्रार आहे ती ब्लोअरच्या वायरिंगची, आणि त्याहून जास्त ते तपासण्याच्या पद्धतीची.

लक्षण असं: सुरुवातीला वारा जोरात, अर्ध्या तासानं चारही स्पीडवर मंद. गाडी थंड झाली की पुन्हा ठीक. सर्व्हिस सेंटरनं आधी रेझिस्टर (खालच्या स्पीडसाठी करंट कमी करणारा भाग) बदलला, फरक पडला नाही म्हणून मोटरसकट पूर्ण असेंब्लीचं कोटेशन हातात दिलं. मीटर एकदाही लावला नाही.

मुळात इथे रेझिस्टरवर संशय घ्यायचं कारणच नव्हतं. रेझिस्टर किंवा त्यातला थर्मल फ्यूज गेला की खालचे स्पीड बंद पडतात आणि फक्त चार नंबर चालतो, कारण चारला करंट रेझिस्टर टाळून थेट जातो. चारही स्पीड सारखेच मंद असतील तर दोष सगळ्यांच्या सामाईक वाटेवर असतो: फ्यूज आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) यांच्याकडून येणारा सप्लाय, मोटरचं कपलर (वायर जोडणारा प्लग), अर्थ (करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी जोडणी) किंवा खुद्द मोटर. मोटरला हलका धक्का दिल्यावर ती सुरू होत असेल तर तिच्यातले कार्बन ब्रश झिजलेत. अजिबातच फिरत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले. रिले काढून सॉकेटमधल्या 30 (सप्लाय येणारी) आणि 87 (मोटरकडे जाणारी) या पिना फ्यूज घातलेल्या वायरनं जोडा. ब्लोअर फिरला तर मोटर किंवा अर्थ पूर्ण तुटलेले नाहीत, शोध रिले आणि स्विचकडे घ्यायचा.

आता खरा मुद्दा. कपलर काढून मल्टिमीटर लावला की 12 व्होल्ट दिसतात आणि मेकॅनिक म्हणतो, "सप्लाय आहे, मोटर गेली." हे चूक आहे. मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे गंजलेल्या सांध्यातूनही पूर्ण व्होल्टेज दिसतं. कपलर जोडलेलं, इंजिन चालू, ब्लोअर चारवर, अशा अवस्थेतच मोजायचं. मीटरचं एक टोक मोटरच्या अर्थ पिनेवर मागून, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर. हा वाटेत वाया जाणारा व्होल्टेज, म्हणजे ड्रॉप, 0.2 व्होल्टच्या आत हवा. या गाडीत 2.1 आलं. पॉझिटिव्ह बाजूला 0.7. बॅटरीवर 14 आणि मोटरला पोचत होते जेमतेम 11.2.

क्लॅम्प मीटरवर करंट 9 अँपिअर. म्हणजे त्या एका अर्थच्या सांध्यावर जवळपास 19 वॉट उष्णता, छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकी. सांधा तापतो, रोध वाढतो, वारा मरतो. अर्ध्या तासाचं गणित इतकं सरळ आहे.

तो अर्थ बोल्ट तिसऱ्या रांगेच्या डाव्या ट्रिममागे (आतल्या प्लास्टिकच्या आवरणामागे), चाकाच्या कमानीजवळ आहे. लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) थेट रंगावर कसलेला, खाली दातेरी वॉशर नाही. इतक्या महाग गाडीत ही कसर मला अजूनही पटत नाही. पॉलिश पेपरनं पत्रा उघडा केला, नवा लग वायरवर दाबून बसवला, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला, वरून ग्रीस. सामान शंभर रुपयांच्या आतलं. अर्थवरचा ड्रॉप 0.1 वर आला. ट्रिम काढण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबा, पिवळ्या कपलरना हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात.

हे लिहून मी विषय संपवणार होतो, पण मत बदलावं लागलं. दोन महिन्यांनी पॉझिटिव्ह कपलर तपकिरी पडायला लागलं. करंट मोजला तर 13 अँपिअर. उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, त्यामुळे 9 चे 13 झाले की सांध्यावरचा ताप दुप्पट. मोटर जड झाली होती: पंख्यात धूळ, बुश (दांडा ज्यात फिरतो ते) कोरडं. मागच्या हवेला या गाडीत फिल्टरच नाही, आणि ऊस हंगामात आपल्याकडच्या रस्त्यांवर काय उडतं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे अर्थ हा निम्माच दोष. पंखा साफ केला, बुशला थेंबभर तेल दिलं, कपलरच्या पिना बदलल्या. करंट पुन्हा 9, मोटरला 13.6 व्होल्ट.

त्यामुळे करंट मोजल्याशिवाय कपलर किंवा रेझिस्टर बदलू नका, नवाही जळेल. क्लॅम्प मीटर डीसी (बॅटरीचा करंट) मोजणाराच घ्या, फक्त घरगुती विजेचा करंट मोजणारा साधा मीटर इथे निरुपयोगी. फ्यूज उडतो म्हणून मोठा घालणं तर मुळीच नको, मग फ्यूजऐवजी वायर जळते. ऑटो क्लायमेट (तापमान आपोआप राखणारा एसी) असेल तर रेझिस्टरच्या जागी इलेक्ट्रॉनिक मोड्युल असतं, त्याच्या सिग्नल वायरला टेस्ट लॅम्प लावू नका, मल्टिमीटरच वापरा.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी हीच ट्रिम आधी उघडावी. 2019 किंवा 2021 च्या पुरात उभी असलेली गाडी असेल तर अर्थच्या लगवर हिरवट बुरशीसारखा थर आणि कपलरमध्ये गाळ सापडतो.

गारव्याला पूर्ण गुण, वायरिंगला निम्मे. पुढचं मोजमाप मार्चअखेर, गाळप थांबल्यावर. 11 अँपिअरच्या वर गेलं तर फक्त मोटर बदलणार, असेंब्ली नाही.