34,720 रुपयांचा चहा

ऑनलाइन चिनी चहा मागवताना मी फसले. आधी आकडे लिहून टाकते, म्हणजे पुढे लपवायला नको. नमुन्याचे 1,240 रुपये, 600 ग्रॅम चहाचे 21,600 आणि ‘कस्टम ड्यूटी’चे 11,880. एकूण 34,720. यातले 16,740 माझ्या दोन मैत्रिणींचे होते, ते मी माझ्या खात्यातून परत केले. दोघीही ‘अगं, राहू दे’ म्हणाल्या, पण ज्या सुरात म्हणाल्या तो अजून कानात आहे.

आणि ‘चहातलं कळत नव्हतं तर कशाला मागवला’ असं कृपा करून कुणी लिहू नका. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं चीनमध्ये शामेनला होतो. फूच्येन प्रांतातलं हे बंदर, आणि हा प्रांत म्हणजे ऊलाँग या चहाच्या प्रकाराचं माहेर. आंशीचा थिएक्वानइन इथलाच, वूयीच्या डोंगरांतला यान्छाही इथलाच. यान्छा म्हणजे खडकातला चहा. आमच्या इमारतीखालच्या दुकानातली मावशी झाकणाच्या इवल्याशा वाटीत आठ ग्रॅम पत्ती टाकायची, उकळतं पाणी ओतायची, काही सेकंदांत गाळायची, आणि त्याच पत्तीवर सात वेळा चहा पाजायची. दर वेळी चव वेगळी. ते पाणी ज्याने प्यायलंय त्याला पुण्यातल्या मॉलमधला ‘मिल्क ऊलाँग’ घशाखाली उतरत नाही. (बाजारातल्या त्या बऱ्याचशा डब्यांत दुधाचा नुसता वास मारलेला असतो. तोही घेऊ नका.) 2020 मध्ये अलीएक्स्प्रेस या चिनी खरेदीच्या साइटवर आपल्याकडे बंदी आली, ओळखीतलं कुणी तिकडून येणं थांबलं, आणि मी जाहिराती बघायला लागले.

अशाच एका जाहिरातीतून पोचले ती साइट देखणी होती. धुक्यातले कडे, बांबूच्या टोपल्या, सगळं जागच्या जागी. तरी मी परीक्षा घेतली. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, ‘ता-होंग-फाओच्या मूळ झाडांची पत्ती मिळेल का?’ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ता-होंग-फाओ हा नावाजलेला यान्छा, वूयीच्या एका कड्यावर त्याची ती सहा मूळ झाडं आहेत, 2006 पासून त्यांची तोड बंद आहे, आणि आज त्या नावाने जे विकलं जातं ते बहुतेक वेगवेगळ्या जातींचं मिश्रण असतं. ‘हो, मिळेल’ म्हणणारा चोर, असा माझा हिशोब. या विकणाऱ्याने उत्तर दिलं, ‘ती पत्ती आता कुणालाच मिळत नाही, जो विकतो तो खोटं बोलतो.’ झालं, मी विरघळले. चोरही वाचतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात 30 ग्रॅम रौग्वेईचा, म्हणजे दालचिनीच्या वासाच्या यान्छाचा, नमुना मागवला. चौथ्या दिवशी दारात! मी खूश, मैत्रिणींना फोन. नमुना खरंच चांगला होता हो. लांब वळलेली काळसर पत्ती, दालचिनीचा वास, सात वेळा उतरली. मी काही आंधळेपणाने पैसे टाकले नाहीत, चाखून टाकले.

आता ती जागा, जिथे मी थांबायला हवं होतं. 19 मे, रात्री साडेदहा. स्क्रीनवर लिहिलेलं होतं: ‘यंदाचा वसंत, कोळशावर पूर्ण भाजलेला, ताजा.’ मेमध्ये! वूयीत यान्छाची पत्ती तोडतातच एप्रिलअखेरीपासून मेमध्ये. मग कोळशाच्या मंद आचेवर भाजायची, विसावू द्यायची, पुन्हा भाजायची. पूर्ण भाजलेला चांगला माल बाजारात यायला आपला दसरा उजाडतो. ही गोष्ट त्या मावशीने मला हातवारे करून समजावली होती, मी ती इथे भिशीत दहा वेळा मिरवली होती. त्या ओळीवर माझी नजर क्षणभर अडकली, हे मला पक्कं आठवतंय. ‘मागच्या वर्षीचा असेल, जाहिरातीत नवा म्हणतात,’ अशी त्याची बाजू मीच मांडली आणि पिन टाकला. कार्ड चालत नव्हतं, फक्त यूपीआय. वर पाच टक्के सूट. चिनी डोंगरातला शेतकरी यूपीआयवर सूट देतो!

24 मे रोजी फोन. ‘मॅडम, पार्सल कस्टममध्ये अडकलंय, आज ड्यूटी भरली नाही तर माल नष्ट करतात.’ मराठीत बोलत होता, म्हणून जास्तच खरा वाटला. पैसे भरताना नाव आलं एका खासगी माणसाचं. कस्टम खातं कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर शुल्क घेत नाही, एवढं शेंबड्या पोराला कळतं. मला कळलं 11,880 गेल्यावर.

27 तारखेला खोका आला. पत्तीचा भुगा, वास जळक्या साखरेचा. पहिलं पाणी काळंकुट्ट, तिसरं कोमट पावसाच्या पाण्यासारखं. भिजलेली पत्ती ताटलीत पसरून पाहिली. शामेनला भाजलेल्या पानावर बारीक फोड दिसायचे, बेडकाच्या पाठीसारखे. इथे अख्खं पानच नव्हतं, देठ आणि चुरा. मग खोका उलटा केला. पाठवणाऱ्याचा पत्ता शेजारच्या राज्यातल्या एका गोदामाचा. टपालाने परदेशातून येणाऱ्या खोक्यावर आत काय, किंमत किती हे सांगणारी सीएन22 सारखी चिठ्ठी चिकटवलेली असते. इथे काही नाही. माल देशाबाहेरून आलाच नव्हता, तर कस्टम कसलं? चार दिवसांत नमुना कसा आला तेही तेव्हाच उमगलं. खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा. मी काढला नव्हता.

यानंतरची कहाणी चोरापेक्षा संतापजनक आहे. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, तक्रार नोंदली गेली. (पैसे गेल्या-गेल्या लावा, मी तीन दिवसांनी लावला.) बँक म्हणाली, ‘पिन तुम्हीच टाकलात ना?’ पोलीस ठाण्यात दीड तास बाकावर बसवलं. मग साहेबांनी कागद वाचला आणि शेजारच्याला हाक मारली, ‘ये बघ, एकवीस हजारांचा चहा!’ सगळे हसले. मला म्हणाले, ‘ताई, कोपऱ्यावर दहा रुपयांत मिळतो की.’ वर कायदा शिकवला: चहा मिळाला ना? मग ही फसवणूक नव्हे, मालाच्या दर्जाची तक्रार, ग्राहकवाल्यांकडे जा. ग्राहकवाले म्हणाले, विक्रेत्याचा पत्ता द्या, नोटीस कुठे बजावणार? गोदामाचा पत्ता दिला तर म्हणे, हे गोदाम भाड्याचं, विक्रेता वेगळा. पुन्हा ठाण्यात. तिथे आता दुसरे साहेब, त्यांना सगळ्या चॅटच्या रंगीत प्रती हव्या, तीन संच. 71 पानं गुणिले तीन. झेरॉक्सवाल्याला 2,130 रुपये मोजले, हे वरच्या बेरजेत धरलेलेही नाहीत. जबाब नोंदवताना शिपायाने ‘ऊलाँग’ तीन प्रकारे लिहिलं. स्टेटस काय? ‘प्रक्रियेत.’ चार महिने ‘प्रक्रियेत.’

नमुना चांगला निघाला म्हणजे मालही तोच येईल असं धरू नका. विकणाऱ्याला तोडीचा महिना आणि भाजणीची तारीख विचारा, गोलगोल बोलला की फोन ठेवा. साइट कधी नोंदली गेली ते बघा. ही साइट सात आठवड्यांची होती, मी पैसे गेल्यावर पाहिलं. क्रेडिट कार्ड घेत नसेल तर सोडा, कार्डावर निदान वाद घालता येतो. मैत्रिणींचे पैसे यात अजिबात गुंतवू नका.

परवा तीच धुक्यातली छायाचित्रं पुन्हा दिसली. साइटचं नाव नवं, ओळ तीच: ‘यंदाचा वसंत.’ जाहिरातीखाली बटण दाबून तक्रार केली. दोन तासांत उत्तर आलं, आमच्या नियमांचा भंग आढळला नाही.