रामन, ब्रिलुआँ की रॅले? फायबर सेन्सिंग घेण्याआधी

पाइपलाइन, हाय-व्होल्टेज केबल किंवा खचणारा उतार यांवर ऑप्टिकल फायबरने नजर ठेवायची असेल, तर माहितीपत्रकातले आकडे आधी बाजूला ठेवा. 'पल्ला ५० किलोमीटर, जागेची अचूकता १ मीटर, तापमानाची ०.१ अंश' हे तिन्ही खरे असतात, फक्त एकाच वेळी नसतात. जागा मीटरभर अचूक हवी तर लेसरचा पल्स १० नॅनोसेकंदांइतका आखूड लागतो. त्यात ऊर्जा कमी, मग लांबून परतणारा सिग्नल गोंगाटात बुडतो आणि सरासरी काढत बसावं लागतं.

फायबरच्या काचेतून प्रकाश विखुरून परततो तो तीन प्रकारे: रामन, ब्रिलुआँ आणि रॅले. खरा फरक आहे तो हा प्रकाश माहिती कशात आणतो, यात.

रामन विखुरण ती तीव्रतेत आणतं. १५५० नॅनोमीटरचा प्रकाश सोडला, की सुमारे १४५० आणि १६६० ला दोन क्षीण घटक परततात. पहिला तापमानाला जास्त संवेदनशील, म्हणून दोघांच्या गुणोत्तरावरून तापमान काढतात. ताणाचा त्यावर जवळजवळ परिणाम नाही, हे उत्तमच. पण दोन तरंगलांबींचा फायबरमधला ऱ्हास सारखा नसतो. फायबर जुनं झालं किंवा कुठे दबलं, की आकडा सरकतो. त्यासाठी लूप करून दोन्ही टोकांकडून मोजतात. केबलचा तापलेला भाग किंवा बोगद्यातली आग शोधायची असेल, तर फार विचार न करता रामन घ्या.

ब्रिलुआँमध्ये माहिती असते वारंवारितेत, आणि हा त्याचा मोठा गुण. १५५० ला परतणारा प्रकाश सुमारे ११ गिगाहर्ट्झने सरकलेला असतो. तापमान १ अंशाने वाढलं, की यात साधारण १ मेगाहर्ट्झचा फरक पडतो आणि १ मायक्रोस्ट्रेनला (लांबीत दहा लाखांश बदल करणारा ताण) ०.०५ मेगाहर्ट्झचा. एखादा जोड खराब झाला तर सिग्नल क्षीण होतो, पण चुकीचा होत नाही. त्यामुळे आजचं मोजमाप पाच वर्षांनंतरच्या मोजमापाशी ताडून पाहता येतं. अडचण अशी, की १ अंशाची ऊब २० मायक्रोस्ट्रेनच्या ताणासारखीच दिसते. म्हणून शेजारी सैल नळीत, ताण न पोचणारं दुसरं फायबर हवंच. खचणाऱ्या उतारावर मी ब्रिलुआँवर चालणाऱ्या यंत्रांपैकी एका टोकाकडून मोजणारा बीओटीडीआर घेईन. दुसरा प्रकार बीओटीडीए जास्त अचूक, पण त्याला दोन्ही टोकं लागतात. दरड सरकून फायबर तुटलं, की तो नेमका तेव्हाच मुका होतो.

रॅले विखुरणात तरंगलांबी बदलत नाही, फायबर ताणलं किंवा थरथरलं, की कला म्हणजे फेज (लहर चढ-उताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) बदलते. तिघांत सर्वांत बळकट आणि वेगवान सिग्नल हाच. ५० किलोमीटर जाऊन यायला प्रकाशाला अर्धा मिलिसेकंद लागतो, म्हणजे सेकंदाला २००० पल्स आणि १००० हर्ट्झपर्यंतची कंपनं. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे उपसागरात मार्च २०१८ मध्ये समुद्रतळावरची केबल देखभालीसाठी बंद होती. तेव्हा तिचं २० किलोमीटर फायबर असंच वापरून संशोधकांनी भूकंपही टिपला.

पण रॅलेची दुखणी कोणी आपणहून सांगत नाही. काही ठिकाणी विखुरलेल्या लहरी एकमेकींना खोडतात आणि तिथली फेज निव्वळ कचरा ठरते. अशा मृत जागा किती, हे विक्रेत्याला कच्च्या डेटावर दाखवायला सांगा. डेटाही अफाट: मीटरागणिक एक नमुना धरला, तरी ५० किलोमीटरवर सेकंदाला १० कोटी नमुने. फायबरला काटकोनात येणारी दाब-लहर जवळजवळ दिसतच नाही. आणि यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झालं, तर मधल्या काळात जमीन किती सरकली ते कळत नाही, कारण मोजला जातो तो फक्त बदल. पाइपलाइनवर कोणी जेसीबी लावला, हे ओळखायला मात्र याला तोड नाही.

रामनची बरीच यंत्रं मल्टीमोडवर (जाड गाभ्याचं फायबर) चालतात, उरलेल्या दोन पद्धतींना सिंगल-मोड (बारीक गाभ्याचं) लागतं. निर्णय होत नसला, तरी चर खणलेला असतानाच दोन्ही प्रकारची फायबर असलेली केबल टाका. यंत्र नंतर बदलता येतं, चर पुन्हा खणायचा खर्च फायबरच्या कितीतरी पट असतो.