शुगरवाल्यांसाठी पेनकिलर: पॅरासिटामॉल की डायक्लोफिनॅक?

गुडघा दुखला की मेडिकलमधून डायक्लोफिनॅक नाहीतर आयबुप्रोफेन आणायचं, घरोघरी हेच चालतं, आणि खरंय, सूज असेल तर पॅरासिटामॉलपेक्षा आराम जास्त पडतो. पण किडनीत रक्त नेणारी बारीक नळी मोकळी ठेवणारं प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन या गोळ्या अडवतात. तरुण धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही, पण डायबिटीस असलेल्याची किडनी आधीच थकलेली असू शकते, त्यात बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू, वर लघवी वाढवणारी गोळी, आणि जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेलं, मग दोन-चार दिवसांतच क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसेल तर रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) चढू शकतं. मला तर हे एकत्र येणं फार धोक्याचं वाटतं.

पॅरासिटामॉल सूज उतरवत नाही, पण तापाला आणि साध्या दुखण्याला चालतं, नेहमीच्या डोसमध्ये किडनीला बरंच सुरक्षित. लिव्हरचा त्रास किंवा दारू असेल तर मात्र जपून.

आणि हो, पाकीट वाचा प्लीज! पॅरासिटामॉलसोबत अ‍ॅसिक्लोफिनॅक हे डायक्लोफिनॅकच्याच गटातलं औषध असलेल्या गोळ्या सर्रास मिळतात, म्हणजे नको तेच पोटात. सूज खूपच असेल तर डॉक्टरांना वरून लावायच्या जेलबद्दल विचारा, ते रक्तात कमी उतरतं.