डिकीतला पाच किलोचा सिलिंडर: वर्षभर वापरल्यावर

आमच्या घरात पाइपचा गॅस आहे. वर्तकनगर सोडून घोडबंदर रोडला राहायला आलो तेव्हाच जुना सिलिंडर परत केला आणि नंबर लावणं, गाडीची वाट बघणं, सुट्टे पैसे काढून ठेवणं हे सगळं आयुष्यातून गेलं असं समजले. मग आमचे हे निवृत्त झाले. वागळे इस्टेटला टूलरूममध्ये तीस वर्षं काढलेला माणूस घरी किती दिवस पेपर वाचणार? महिन्याभरात भटकंतीसाठी आमच्या मारुती ईको गाडीच्या मागच्या भागात प्लायवूडची खोकी आली. वर गादी, खाली भांडी, आणि डिकी उघडली की सरकून बाहेर येणारा ओटा. चार बोल्ट काढले की सगळं परत घरात.

"ओटा झाला. गॅसचं तू बघ," म्हणाले.

मी बघितलं, आणि पहिल्यांदा चुकीचंच बघितलं. डोक्यावर बर्नर बसवलेला तो लाल बुटका सिलिंडर आणला. शिकायला आलेली मुलं खोलीवर वापरतात तो. कोपऱ्यावरच्या एका दुकानात किलोच्या भावाने गॅस भरून मिळायचा. भरायची पद्धत अशी: स्टुलावर मोठा सिलिंडर उलटा, त्याला नळी, नळीचं दुसरं टोक आमच्या बुटक्याला, आणि भरणाऱ्याच्या तोंडात तंबाखू. काटा नाही, काही नाही. "भरला ताई फुल्ल," एवढंच.

'फुल्ल' ह्या शब्दातच गडबड आहे हे तेव्हा कळलं नाही. सिलिंडरमध्ये गॅस पातळ रूपात असतो आणि तो तापला की फुगतो, म्हणून भरताना वर मोकळी जागा ठेवावी लागते. एप्रिलमध्ये माणगावला जेवायला थांबलो, गाडी उन्हात. तासाभराने डिकी उघडली तर भपकन वास. हा वास गॅसचा स्वतःचा नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला असतो, आणि त्या दिवशी त्याने आमच्यावर उपकार केले. हा गॅस हवेपेक्षा जड. वर उडून जात नाही, गाडीच्या तळाशी साचून राहतो. ह्यांनी कशालाच हात लावू दिला नाही, ना किल्लीला, ना आतल्या दिव्याला. सगळी दारं सताड उघडली, बुटका उचलून लांब मोकळ्या शेतात नेऊन ठेवला आणि आम्ही पाऊण तास बाभळीखाली बसून राहिलो. त्यानंतर तो आमच्या गाडीत चढला नाही.

तर आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं तो, कंपनीचा पाच किलोचा सिलिंडर. इंडेनचा 'छोटू', एचपीचा 'अप्पू', भारतगॅसचा 'मिनी'. मी ह्यातला कुठला घेतला ते सांगत नाही, कारण वापरायला तिन्ही सारखेच. कनेक्शन लागत नाही, पत्त्याचा पुरावा लागत नाही, एक ओळखपत्र पुरतं. आमच्यासारख्या पाइपवाल्यांना हाच रस्ता. रेग्युलेटर आणि नळीसकट माझा खर्च दोन हजारांच्या थोडा आत राहिला. आतला गॅस घरगुती सिलिंडरपेक्षा किलोमागे महाग पडतो, ते धरूनच चालायचं.

मिळवायला मात्र दोन हेलपाटे घातले. पहिल्या एजन्सीत काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता "छोटा येत नाही" म्हणून सांगितलं, आणि त्याच्याच मागे तीन छोटे रांगेत उभे होते. दाखवले, तर म्हणे बुक आहेत. दुसऱ्या ठिकाणी एक पोरगा होता, "काकू, या, वजन करून घ्या" म्हणाला. मी तिथेच जिंकले. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं, आमच्यावर 7.8 आहे. काट्यावर 12.8 भरलं. मग मी कड्याखालच्या पट्टीवरची चाचणीची तारीख शोधली. तिथे एक अक्षर आणि साल असतं: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी उरलेले तीन महिने. त्या तिमाहीच्या पुढे तो सिलिंडर पुन्हा तपासल्याशिवाय वापरायचा नाही. पोराने काढलेला पहिला सिलिंडर तारीख उलटलेला निघाला. "अरेच्चा," म्हणाला आणि निमूट दुसरा दिला. टोपी काढून आतली काळी रबरी रिंग जागेवर आहे का तेही बघा, आणि रेग्युलेटर तिथल्या तिथे बसवून बघा. घरी आल्यावर भांडण्यात अर्थ नाही.

गाडीत तो दुधाच्या क्रेटमध्ये उभा, पट्ट्याने आवळलेला असतो. चालत्या गाडीत रेग्युलेटर काढून टोपी लावलेली. स्वयंपाकाच्या वेळी सिलिंडर खाली जमिनीवर, चाकापासून लांब, आणि शेगडी बाहेर ओढलेल्या ओट्यावर. नळी आयएसआय शिक्क्याची, आत तारेची जाळी असलेली नारिंगी. जोडणीवर साबणाचा फेस मी प्रत्येक मुक्कामी लावते, हे हसतात, मी लावते. खोक्याच्या झाकणावर ह्यांनी मार्करने 1906 लिहून ठेवलंय, गॅसगळतीचा नंबर. बंद गाडीत शेगडी पेटवायची नाही हा आमच्यात कायदाच आहे. जुलैत माळशेजला पाऊस थांबेना, ताडपत्री उडायला लागली, तेव्हा आम्ही चिवडा आणि केळी खाऊन झोपलो. काचा बंद करून भात लावण्यापेक्षा ते परवडलं.

किती पुरतो, हे मला सगळे विचारतात. भंगारवाल्याकडे असतो तसला ताणकाटा आमच्याबरोबर असतो. लाडघरला चार दिवस राहिलो, सुरूच्या फांदीला काटा टांगला. जाताना 12.8, निघताना 11.7. म्हणजे दोन माणसांचा चार दिवसांचा चहा, पोहे, कुकरची खिचडी, एका रात्री बोंबील आणि भाकऱ्या, सगळं मिळून एक किलो शंभर ग्रॅम. त्यातला मोठा वाटा भाकऱ्यांनी खाल्ला, आणि थोडा वाऱ्याने. तेलाचा डबा कापून शेगडीला आडोसा केल्यापासून फरक पडला. आडोसा फक्त शेगडीला हं, सिलिंडरला वेढायचा नाही.

थंडीत मात्र हा रुसतो. जानेवारीत भंडारदऱ्याला पहाटे चहाला अर्धा तास लागला. आत गॅस थोडाच होता आणि गारठ्यात तो पातळाचा वायू लवकर होत नाही, त्यामुळे ज्योत बसते. सिलिंडरला बाहेरून घाम येतो, आणि घामाची रेघ जिथे संपते तिथपर्यंत गॅस. काट्याइतकंच खरं निघालं ते.

माझी खरी तक्रार वाटेतल्या बदलीबद्दल आहे. आपल्याकडे भरून घेणं म्हणजे रिकामा देऊन भरलेला घेणं, आणि तेही त्याच कंपनीच्या माणसाकडे. दापोलीच्या बाजूला आमचा संपला तेव्हा एका पेट्रोल पंपावर नकार, एका एजन्सीला साप्ताहिक सुट्टी, आणि तिसऱ्याकडे दुसऱ्या कंपनीचे. त्या रात्री खानावळीत जेवलो. जेवण छान होतं, पण डिकीत अख्खं स्वयंपाकघर घेऊन खानावळीत जेवताना ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आता निघण्याआधी वाटेतल्या दोन एजन्सींना फोन करून ठेवते. आमच्या एका ओळखीच्यांनी कॉम्पोझिट, म्हणजे फायबर-प्लास्टिकचा सिलिंडर घेतलाय. पोलादीच्या जवळपास निम्म्या वजनाचा, आणि उजेडात धरला की आतला गॅस दिसतो. उचलून बघितला आणि हेवा वाटला. पण किंमत जास्त, आणि खेड्यापाड्यात बदलून मिळण्याची पंचाईत तीच.

पाचपैकी चार. एक गुण त्या मान वर न करणाऱ्याचा कापलाय.

आणखी एक. उरलेला गॅस बदलीच्या वेळी हिशेबात धरत नाहीत. आता आम्ही वेळासला निघालोय, कासवांची पिल्लं बघायला, थोरल्या जाऊबाई बरोबर आहेत आणि त्यांना दिवसातून सहा वेळा चहा लागतो. सिलिंडर भरलेलाच हवा. आमच्यात दीड किलो शिल्लक होता, तो काय एजन्सीला दान करायचा? म्हणून घरात पाइपचा गॅस असून गेले आठ दिवस मी बाल्कनीत पाटावर बसून डाळ शिजवतेय. आज सकाळी ह्यांनी काटा लावला.

"सातशे ग्रॅम आहे अजून," म्हणाले. "पुरणपोळ्या कर."