अंगठ्याचं मूळ दुखतंय: स्प्लिंट की इंजेक्शन?

बरणीचं झाकण उघडताना, कपडे पिळताना कळ येते ती अंगठ्याच्या मुळाशी, खोगिराच्या आकाराच्या सांध्यात. चिमटीत १ किलो जोर लावला तर तिथे सुमारे १२ किलो भार पडतो. हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल झाले की हाड जागेवरून सरकू लागतं.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने आराम लवकर पडू शकतो, पण तो काही आठवडे, फार तर काही महिने. सांधा मात्र सैलच राहतो. मधुमेह असेल तर काही दिवस रक्तातली साखर वाढते, हे लक्षात असू द्या.

स्प्लिंट, म्हणजे सांध्याला आधार द्यायला हातावर घालायचा साचा, कंटाळवाणा आहे, ओल्या कामात तर नकोसाच वाटतो. तरी माझं मत आधी त्यालाच. सांध्याला आधार देऊन बोटांची टोकं मोकळी ठेवणारा स्प्लिंट हँड थेरपिस्टकडून मापाचा करून घ्यावा आणि कामाच्या वेळी घालावा. काढल्यावर व्यायाम हवाच: तर्जनीला रबरबँड अडकवून ती ताणाविरुद्ध अंगठ्याकडे हळूहळू न्यायची. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला स्नायू बळकट झाला की अंगठ्याचं हाड जागेवर धरून ठेवायला मदत होते. फरक जाणवायला काही आठवडे लागतात. तोवर दुखणं झोपू देत नसेल, तर इंजेक्शनबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला.