नौपाड्यातलं जुनं घर आणि तीन तऱ्हेच्या खिडक्या: अकरा महिन्यांनंतर

आमची इमारत १९७४ची, ठाण्याच्या नौपाड्यातली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. सगळ्या खिडक्या सागवानी चौकटीच्या, उभे लोखंडी गज, बाहेर उघडणाऱ्या झडपा. लागोपाठ दोन पावसाळे हॉलच्या खिडकीखाली जुने टॉवेल अंथरून काढले, आणि गेल्या एप्रिलमध्ये एकदाचं काम काढलं.

रीडेव्हलपमेंटची बोलणी चालू असताना खिडक्यांवर खर्च कशाला, असं बऱ्याच जणांनी विचारलं. बोलणी सात वर्षं चालू आहेत. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत आणि त्यांची दुपार त्या खिडकीशी जाते. भाजी तिथे निवडतात, खालच्या गल्लीत कोण आलं-गेलं ते तिथूनच बघतात. त्यांना ओल्या भिंतीशेजारी बसवून इमारत पडायची वाट बघणं मला पटेना.

तीन जणांकडून दर मागवले. तिघांनीही सगळ्या घराला एकच प्रकार सुचवला: एकाने ॲल्युमिनियम स्लायडिंग, दोघांनी यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटीची. मला मात्र आता अगदी ठामपणे वाटतं की आमच्याकडे खिडकी घराला बघून नाही, भिंतीला बघून घ्यावी. ठाण्यात पावसाची झड नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून येते. आमचा हॉल तीन हात नाक्याच्या बाजूला, म्हणजे पश्चिमेला उघडतो. बेडरूम पूर्वेला. स्वयंपाकघराच्या खिडकीवर रुंद छज्जा आहे, तिथे पाऊस पोचतच नाही. मग तिन्हीकडे सारखा पैसा का घालायचा?

हॉलसाठी सगळ्यात जास्त विचार केला. स्लायडिंग दिसायला सुटसुटीत, पण दोन ट्रॅकची खिडकी कितीही सरकवली तरी अर्धीच उघडते. शिवाय तिच्या कडांना केसाळ पट्टी असते. ती धूळ अडवते, वाऱ्याबरोबर आलेलं पाणी नाही. ते पाणी ट्रॅकमध्ये उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर जाणं अपेक्षित असतं. पण समोरून वाऱ्याचा दाब असला की ते तुंबतं आणि घरात येतं. बाहेर उघडणाऱ्या झडपेचं उलट आहे. बंद झडपेला वारा जितका रेटतो तितकी ती रबराच्या पट्टीवर घट्ट बसते. आमच्या आधीच्या पिढीने बाहेर उघडणाऱ्या झडपा का केल्या असतील, ते मला हे समजून घेताना उमगलं. म्हणून हॉलला यूपीव्हीसी, पण झडपांची. आतून ग्रिल, हात घालून कडी फिरवता येईल एवढं अंतर ठेवून, आणि त्याच्याही आत गुंडाळून वर जाणारी मच्छरजाळी.

धातूपेक्षा यूपीव्हीसी घेण्याचं कारण उष्णता. ॲल्युमिनियममधून ती जवळजवळ हजार पटींनी सहज आत येते, दुपारी चार वाजता पश्चिमेच्या चौकटीला हात लावून बघा. मात्र यूपीव्हीसी उन्हाने फुगतंही ॲल्युमिनियमच्या तिप्पट. दोन मीटरची पट्टी ३० अंशांच्या फरकाने चारेक मिलिमीटर वाढते. म्हणून चौकट भिंतीत ठोकून बसवायची नसते, चारी बाजूंनी थोडी फट ठेवून ती फोमने भरायची असते. चौकटीच्या पोकळीत आधाराला गॅल्वनाइज्ड स्टीलची पट्टी आहे का, तेही कापलेला तुकडा हातात घेऊन बघा. तोंडी हो सगळेच म्हणतात.

डबल ग्लासचा आग्रह खूप झाला. मी नाही घेतला. आमच्याकडे एसी फक्त बेडरूमला आहे, हॉलच्या खिडक्या वर्षातले आठ-नऊ महिने उघड्याच असतात. उघड्या खिडकीला दोन काचा असल्या काय आणि एक असली काय! वजनही वाढतं: ५ मिलिमीटरची काच चौरस मीटरला साडेबारा किलो भरते, दोन म्हणजे पंचवीस, आणि तो सगळा भार बिजागऱ्यांवर. त्याऐवजी लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा पातळ थर चिकटवलेली काच घेतली. झडपा लावल्या की हॉर्न ऐकू येतो, पण बोलणं थांबवावं लागत नाही. आधी लागायचं.

आता जे चुकलं ते. जुलैमध्ये एका रात्री चौकटीच्या खालच्या खाचेत बोटभर पाणी साठलं आणि पहाटेपर्यंत कडप्प्यावरून भिंतीवर उतरलं. नवीन खिडकी! मला रडूच आलं. सकाळी झडप उघडून, ग्रिलमधून खांद्यापर्यंत हात घालून मी चौकटीची बाहेरची कड चाचपली. पाणी जायची भोकं हाताला लागेनात. जिथे असायला हवी होती तिथे सिलिकॉनचा गुळगुळीत थर होता. केसातली काळी पिन काढून टोचली, तर चुळकन पाण्याची धार बाहेर पडली. फिटरने कड सील करताना भोकंही बुजवून टाकली होती. दुसरं कारण कडप्प्याचं. पन्नास वर्षांत इमारत थोडी बसली आहे आणि त्याचा उतार आतल्या बाजूला झाला होता. तो काढून बाहेरच्या बाजूला उतार देऊन पुन्हा बसवला, खालून एक खाच पाडून घेतली म्हणजे पाणी भिंतीला न लागता थेंब होऊन गळतं. त्यानंतर ऑगस्टच्या झडीतही भिंत कोरडी राहिली.

दुसरी कमतरता उन्हाची. जुन्या झडपांचा खालचा अर्धा भाग लाकडी होता, आता सगळी काच. एप्रिल-मेच्या दुपारी हॉल पूर्वीपेक्षा तापला. ऊन काचेतून आत आल्यावर आतल्या पडद्याने फारसं काही होत नाही. छज्ज्याला बाहेरून बांबूचा पडदा टांगला, तो झडपा बंद असतानाच सोडता येतो.

बेडरूमची सागवानी खिडकी ठेवली आणि त्याचं मला फार समाधान आहे. त्या काळचं लाकूड आज त्या दरात बघायलाही मिळत नाही. सुताराने कुजलेली खालची पट्टी काढून जुन्याच सागाचा तुकडा जोडला, बिजागऱ्या पितळी घातल्या, तावदानांच्या कडांची लांबी (पुट्टी) नव्याने भरली. पावसात झडप घट्ट बसते म्हणून तेव्हाच रंधा मारू नका, उन्हाळ्यात फट पडते, हे त्यांनी सांगितलं. झडपेची वरची आणि खालची कड कोणी रंगवत नाही, लाकूड पाणी तिथूनच पितं. त्या कडांना आधी तेल, मग रंग. गेल्या पावसाळ्यात ती एकदाही अडकली नाही.

स्वयंपाकघराला साधं ॲल्युमिनियम स्लायडिंग. काही तक्रार नाही. माझी मावसबहीण ऐरोलीला खाडीच्या बाजूला राहते, तिच्याकडे चौकट चांगली राहिली पण स्क्रू गंजले. म्हणून स्क्रू स्टेनलेस स्टीलचे मागून घेतले.

माप घेणारा माणूस वर, मध्ये, खाली असं तीन ठिकाणी फीत लावतो का, ते उभं राहून बघा. आमच्या हॉलच्या खिडकीत वर आणि खाली १४ मिलिमीटरचा फरक निघाला, आणि टफन्ड (तापवून कणखर केलेली) काच असेल तर ती नंतर कापता येत नाही. जुनी चौकट काढणं, डेब्रिज उचलणं, जाळी, हे दरात धरलंय का ते लिहून घ्या. आणि शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसानंतर देऊ, असं आधीच ठरवा. मी सगळे पैसे मे महिन्यातच चुकते केले होते. जुलैत फिटर यायला सोळा दिवस लागले.